फल्चावर बसून पाहिलेलं भक्तपूर

भक्तपूरला जायचं ठरलं ते आईमुळे. नेपाळात दत्तात्रेयाचं पंधराव्या शतकातलं देऊळ आहे, हे पारायणाच्या मैत्रिणीने सांगितल्यापासून तिने ते मनात धरून ठेवलं होतं. नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर, गिरनार असं सगळं तिचं झालेलं. गिरनार तिने साठीत चढला होता, आता ती एकाहत्तरची आहे. "तिथे पायऱ्या कमी आहेत म्हणे," एवढंच ती म्हणाली आणि मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तिकिटं काढली.

बहुतेक लोक काठमांडूहून तेरा किलोमीटर येतात, दरबार चौक आणि पाच मजली देऊळ बघतात, दही खातात आणि संध्याकाळी परततात. आम्ही तीन रात्री राहिलो, शहराबाहेर कुठेही गेलो नाही, तरी काही चौक बघायचे राहिलेच. जुनं भक्तपूर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आईच्या चालीने अर्ध्या-पाऊण तासाचं. तिबेटकडे जाणारी जुनी व्यापारी वाट शहरातून नागमोडी जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना टोल, म्हणजे आपल्या आळ्या. प्रत्येक टोलाला आपला चौक, चौकात आपला गणपती, आपलं पाणी आणि आपला फल्चा, म्हणजे बसायचा ओटा. या फल्च्याबद्दल पुढे सांगतेच.

कागदपत्रांचं आधी सांगून टाकते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधारवर विसंबून राहू नका. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात, हा दर ठरलेला आहे. आपल्या शंभरच्या नोटा बऱ्याच दुकानांत चालतात. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

पहिला दिवस, बुधवार

दुपारी तीनला मुक्कामी पोचलो आणि पहिली अडचण दारातच उभी राहिली. सांगून-सवरून खालची खोली घेतली होती, ती दुसऱ्या कुणाला दिलेली. आमची चौथ्या मजल्यावर. नेवारी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, घरांतले जिने शिडीसारखे उभे असतात आणि दारांची चौकट जेमतेम खांद्याएवढी. आई दोन मजले चढून बसलीच. अर्धा तास बोलणी झाली, मग शेजारच्या घरात पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली. वयस्कर माणसं बरोबर असतील तर नुसतं "खालची खोली" म्हणू नका. किती पायऱ्या आणि कसा जिना, ते फोटो मागवून बघा.

या गोंधळाचा एक फायदा झाला. नव्या खोलीची खिडकी कुंभारांच्या चौकाजवळ उघडत होती. सामान टाकून खाली उतरलो, तर अख्खा चौक मडक्यांनी भरलेला. दह्याची पसरट मडकी, पणत्या, पैसे साठवायची गल्ल्याची मडकी, सगळी ओळीने उन्हात. अजून भाजायची असल्याने ती राखी-काळी दिसत होती. मधून चालायला एक पाऊलवाट ठेवलेली. कोपऱ्यात एक म्हातारे कुंभार जाडजूड चाक काठीने गरगरवत होते. शेजारच्याचं चाक विजेवर चालत होतं. दोघांची मडकी वाळायला एकाच रांगेत.

चौकाच्या एका बाजूला राखेचा मोठा ढीग धुमसत होता. तो त्यांचा आवा. आधी पेंढा, मग मडकी, परत पेंढा असं रचत जायचं आणि वरून राखेचा जाड थर द्यायचा. ज्वाळा दिसत नाही, आतल्या आत तीन-चार दिवस भाजत राहतं. आईचं बालपण कुंभारआळीला लागून गेलेलं. तिने पदराने हात झाकून ढिगाजवळ धरला आणि तिथल्या बाईंना हिंदीत विचारलं, "कधी लावला?" "आज सकाळी. शनिवारी उघडू. या बघायला." आमची परतीची गाडी शनिवारीच दुपारी होती. आईने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे येणार हे नक्की झालं.

संध्याकाळी तौमढी चौकात. न्यातपोल देऊळ इथेच उभं आहे. पाच जोती, पाच छपरं, भूपतीन्द्र मल्ल राजाने १७०२ मध्ये बांधलेलं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना तळाशी दोन पैलवान, जयमल्ल आणि पत्ता. त्यांच्या वर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल आणि सगळ्यांत वर दोन देवता, बाघिनी आणि सिंघिनी. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दहापट बलवान, अशी समजूत. आतली सिद्धिलक्ष्मी सामान्यांना दिसत नाही, तिथे फक्त पुजारी जातात. पण देवळाची सगळ्यांत मोठी सोय बाहेर आहे, ती म्हणजे त्या पायऱ्या. आम्ही गेलो तेव्हा शाळेतून सुटलेली मुलं सिंहांच्या पाठीला टेकून बसली होती, दोन मुली हत्तीच्या सावलीत गृहपाठ करत होत्या. सगळ्यांत वरच्या पायरीवर काळी टोपी घातलेले, ती इथली खास भादगाउँले टोपी, एक आजोबा डोळे मिटून बसले होते.

समोरच भैरवनाथाचं देऊळ. त्याच्या भिंतीशी भल्या मोठ्या लाकडी चाकांचा ढीग. एप्रिलमध्ये नववर्षाच्या बिस्केट जात्रेत भैरवाचा रथ निघतो, वरचं शहर आणि खालचं शहर दोन्हीकडून दोर ओढून तो आपल्या बाजूला न्यायला बघतात. उरलेलं वर्षभर ही चाकं तिथेच पडून असतात आणि मुलं त्यांच्यावर चढतात.

अंधार पडला तशी थंडी एकदम अंगात शिरली. नोव्हेंबरात दिवसा नुसतं अंगभर कपड्यांवर भागतं, पण सूर्य मावळला की शाल, कानटोपी, मोजे सगळं हवं.

दुसरा दिवस, गुरुवार

गुरुवार मुद्दाम साधला होता. सहाला बाहेर पडलो. गल्ल्यांत दिवे, आणि प्रत्येक उंबऱ्याबाहेर बसवलेल्या दगडावर ताजं फूल, अक्षता, कुंकू. या दगडाला पिखालखू म्हणतात, घराचा राखणदार देव. फरसबंदीतच बसवलेला असल्याने अनोळखी माणसाचा पाय त्यावर सहज पडतो. तेवढं सांभाळा.

तचपाल, म्हणजे दत्तात्रेय चौक, शहराच्या पूर्व टोकाला. आपण घाटावरून वळतो आणि समोर एकदम देऊळ येतं, तसं काही इथे होत नाही. गल्ली हळूहळू रुंदावत जाते आणि आपण चौकात आलो हे उशिरा कळतं. यक्ष मल्ल राजाच्या काळातलं हे तीन छपरांचं देऊळ एकाच झाडाच्या लाकडातून उभं केलं, असं इथले लोक सांगतात. पायऱ्यांशी इथेही तेच दोन पैलवान, जयमल्ल आणि पत्ता. समोर खांबावर हात जोडलेला गरुड.

आईला तिच्या देवघरातला दत्त अपेक्षित होता. तीन शिरं, सहा हात, मागे गाय. दारातून दर्शन घेताना तिला ते काही ओळखीचं दिसलं नाही. हार, शेंदूर, तेलाचे दिवे, आतला अंधार. ती जरा वेळ गप्प उभी राहिली. मग पायरीवर झोपलेल्या कुत्र्यांकडे तिचं लक्ष गेलं. तीन होती. "चौथं येईल," ती म्हणाली आणि शांतपणे प्रदक्षिणेला निघाली. परत आली तेव्हा डोळे ओले होते. मी काही विचारलं नाही.

बाजूच्या फल्च्यात भजन चाललं होतं. आता फल्च्याचं सांगते. रस्त्यापेक्षा हात-दीड हात उंच विटांचा ओटा, वर लाकडी फळ्या, पुढे कोरीव खांब, वर छप्पर. नेपाळीत पाटी म्हणतात. कुणीतरी कधीतरी पुण्य म्हणून बांधलेला, आणि त्याची डागडुजी व्हावी म्हणून जमीन तोडून दिलेली, ती बघणारी मंडळी म्हणजे गुठी. दार नाही, कुलूप नाही, तिकीट नाही. ज्याला दमल्यासारखं वाटेल त्याने बसावं. चार दिवसांत आम्ही किमान पंधरा फल्च्यांत बसलो असू आणि एकदाही कुणी "काय हवंय" असं विचारलं नाही. विचारलं ते "कहाँबाट?", म्हणजे कुठून आलात, आणि पाठोपाठ "बस्नुस् न, बस्नुस्", बसा ना, बसा.

भजनाला दाफा म्हणतात. दोन रांगा समोरासमोर, मध्ये ढोलकं, हातात झांजा, पुढ्यात हाताने लिहिलेल्या वह्या. एक रांग ओळ म्हणते, दुसरी उचलते. आपल्या वारकरी भजनात बसलेल्या माणसाला हे लगेच कळतं. पदं मल्ल राजांच्या काळापासून चालत आलेली, काही नेवारी, काही मैथिली, काही संस्कृत. शब्द आम्हाला लागले नाहीत. आईने मांडीवर ताल मात्र बरोबर धरला. ते बघून शेवटच्या आजोबांनी आपल्या झांजा तिच्याकडे सरकवल्या. दोन पदं आईने वाजवली.

देवळामागच्या अरुंद बोळात पुजारी मठाची मयूर खिडकी आहे. लाकडात कोरलेला पिसारा फुलवलेला मोर. कॅलेंडरवर ती मोठी दिसते, प्रत्यक्षात छोटी आहे आणि म्हणूनच जवळ जाऊन बघावीशी वाटते. समोरच्या दुकानदाराला विचारून त्याच्या वरच्या मजल्यावरून बघितली तर डोळ्यांच्या पातळीवर येते.

खाण्याचं म्हणाल तर आई शाकाहारी, त्यात गुरुवारचा उपास. तिला जुजु धौ मिळालं आणि तिचा उपास सुटल्यासारखाच झाला. जुजु म्हणजे राजा, धौ म्हणजे दही. म्हशीचं दूध आटवून, गोड करून मातीच्या मडक्यात लावतात. मडकं पाणी शोषून घेतं, म्हणून दही सुरीने कापावं इतकं घट्ट होतं. मी शेजारी 'बारा' खाल्ला, म्हणजे उडदाच्या डाळीचं जाड धिरडं, कडेला कुरकुरीत. सांगायचं म्हणजे इथे म्हशीचं मांस सर्रास चालतं आणि तवा बहुधा एकच असतो. "मासु नहालेको" असं सांगितलं तर मांस घालत नाहीत, पण ज्यांना तव्याचाही विटाळ नको त्यांनी दही, चिवडा, फळं यावर दिवस काढावा. "चिउरा" म्हणजे पोहे, हे माहीत असलं की उपाशी राहायची वेळ येत नाही.

तिसरा दिवस, शुक्रवार

सकाळी धुकं इतकं की समोरचं घर दिसेना. आई म्हणाली, "आज नकाशा नको. जाऊ तिकडे जाऊ." या प्रवासातला हा सगळ्यांत चांगला दिवस ठरला.

गोल्मढीवरून पुढे सरकलो आणि मग एकेका बोळातून एकेका चौकात. नावं आपल्याच मुलखातली वाटतात, तौमढी, गोल्मढी, सूर्यमढी. पाट्या देवनागरीत, त्यामुळे आई प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत चालली होती. "पसल" म्हणजे दुकान, हे तिने स्वतःच लावलं. एका चौकात जमिनीखाली दीड पुरुष खोल उतरत जाणारी विहिरीसारखी जागा होती, तिला हिती म्हणतात. तळाशी दगडी मकरमुखातून पाणी, खाली दोन बायका कपडे धूत, वरच्या काठावर तिसरी त्यांच्याशी गप्पा मारत. धुकं खाली उतरून त्या खड्ड्यात साठलं होतं आणि बायकांचे आवाज तेवढे वर येत होते.

सूर्यमढीला वाकुपती नारायणाचं देऊळ. समोर एकामागे एक असे गरुडाचे खांब, इतके की आईने दोनदा मोजले. अंगणात कोंबड्या, एका बाजूला लोकर कातणारी आजी. इथे आमच्याशिवाय एकही पर्यटक नव्हता.

तिथून थोडं पुढे आई दमली म्हणून एका विटांच्या भिंतीला पिशवी टेकवायला गेली, तर समोरच्या दारातून एक ताई धावत आल्या. रागाने नाही, अगदी हळू आवाजात, "तिथे नको आई, देव आहे." भिंतीत नुसतं एक भोक होतं, भोवती शेंदराचे जुने डाग. मूर्ती नाही, काही नाही. तो नासःद्यः, नृत्य-संगीताचा देव. त्यांनी सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. हा देव सरळ रेषेत जातो, वळत नाही. म्हणून त्याच्या वाटेवर घर आलं तर भिंतीत त्याला जायला भोक ठेवतात. पोरं ढोल शिकायला लागतात तेव्हा आधी याची पूजा, शिकणं संपलं की परत याची पूजा. ज्या शहरात संगीताला घरातून आरपार वाट काढून देतात, तिथले चौक मुके कसे राहतील?

साडेदहाच्या सुमाराला ऊन फुटलं आणि दहा मिनिटांत चौकाचं रूप पालटलं. दारादारांतून पेंढ्याच्या चटया आणि पोती बाहेर आली आणि भात पसरलं गेलं. भातकापणी नुकतीच झालेली, घरांना अंगण नाही, म्हणून चौक हेच सगळ्यांचं खळं. लाल काठाच्या काळ्या साड्या, हाकुपतासी, नेसलेल्या बायका भातातून पाय ओढत सऱ्या पाडत जात होत्या, तासाभराने आडव्या सऱ्या पाडत. कुणाचं भात कुठे संपतं त्याची रेघ नव्हती, पण भांडणही नव्हतं. मोटारसायकलवाले उतरून कडेने गाडी ढकलत नेत होते. कावडीसारख्या खर्पनवर भाजी घेऊन येणारा माणूस धान्यावर पाऊल न पडू देता मधून बरोबर निघून गेला. तुम्हीही कडेने जा. फोटो काढायचा तर आधी विचारा, धान्य कधीच ओलांडू नका.

आई एका बाईंच्या शेजारी जाऊन बसली, त्यांच्या हातातलं सूप मागून घेतलं आणि पाखडायला लागली. पाखडण्याला भाषा लागत नाही. त्या बाई आधी संकोचल्या, मग त्यांनी दुसरं सूप आणलं. मी फल्च्यात एका आजोबांशेजारी बसून ते बघत राहिले. त्यांना मोडकं हिंदी येत होतं. समोरच्या नव्या विटांच्या घराकडे बोट दाखवून म्हणाले, भूकंपात गेलं, परत बांधलं. २५ एप्रिल २०१५, शनिवारची दुपार. "शनिवार होता म्हणून मुलं शाळेत नव्हती," ते म्हणाले. किती रात्री उघड्यावर, ताडपत्रीखाली काढल्या, कुठलं घर पडलं, कुठलं वाकलं, सगळं त्यांनी बसल्या जागेवरून दाखवलं. हा फल्चाही पडला होता. आधी घरं की आधी फल्चा, यावर टोलात वाद झाला. मी विचारलं, मग? म्हणाले, "घरं आधी. पण बसायला जागा नाही म्हणून घरातही करमेना."

हे ऐकल्यापासून मला आमच्या गावचा पार आठवतोय. रस्ता रुंद करताना वड गेला, पार गेला, आता तिथे दुभाजक आहे. माणसं भेटतात, पण उभ्या-उभ्या. उठून गेलेली माणसं परत आणायची तर आधी बसायला काहीतरी द्यावं लागेल, हे मला तिथे फार जोरात वाटलं आणि अजून वाटतं.

संध्याकाळी त्याच चौकात भात गोळा झालं, झाडून लख्ख झालं, आणि आठ-दहा मुलं धिमे, म्हणजे इथला मोठा ढोल, घेऊन आली. चुकत होती, परत सुरू करत होती. कुणी दार लावून घेतलं नाही.

चौथा दिवस, शनिवार

नेपाळात सुटी शनिवारी असते. म्हणून शनिवारी सगळे चौक काठमांडूहून आलेल्या कुटुंबांनी भरतात. निवांतपणा हवा असेल तर शनिवार टाळा, गजबज हवी असेल तर याच दिवशी या.

दरबार चौक आम्ही शेवटी ठेवला होता. पंचावन्न खिडक्यांचा राजवाडा, रणजित मल्लाचं सोन्याचं दार, खांबावर हात जोडून बसलेला भूपतीन्द्र मल्ल, हे सगळं डोळे दिपवणारं आहे आणि त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मला तो चौक मोठा वाटला. तो राजासाठी होता, बाकीचे लोकांसाठी. आईचं मात्र वेगळं झालं. सोन्याच्या दारातून आत तलेजू देवीच्या मूल चोकापर्यंत, म्हणजे मुख्य अंगणापर्यंत, हिंदूंना जाऊ देतात, फोटो काढू देत नाहीत. तलेजूला तुलजा भवानीही म्हणतात, हे पहारेकऱ्याकडून कळल्यावर आईने तिथेच जमिनीला डोकं टेकवलं. तिचं माहेर तुळजापूरच्या वाटेवरचं.

एक तिकिटाचं: परदेशी पाहुण्यांना शहरात शिरताना शुल्क आहे, सार्क देशांच्या नागरिकांना कमी. राहणार असाल तर पहिल्याच दिवशी तसं सांगा, त्याच तिकिटावर मुदत वाढवून देतात. तिकीट आणि ओळखपत्र खिशात ठेवा.

उत्तरेला आभाळ स्वच्छ होतं, छपरांच्या वर लांगटांगच्या बाजूची शिखरं पांढरी दिसत होती. जवळच्या डोंगरावरच्या नागरकोटला जाऊन सूर्योदय बघायचं आमचं राहिलं, त्याचं वाईटही वाटलं नाही.

बारा वाजता कुंभारांच्या चौकात पोचलो. आवा उघडायला सुरुवात झाली होती. बाई लोखंडी दाताळ्याने राख ओढत होत्या, दोन मुलं तोंडाला फडकं बांधून मडकी काढत होती. बुधवारी उन्हात बघितलेली मडकी काळी होती, ही भाजून विटेसारखी लाल. प्रत्येक मडक्यावर बोटाची टिचकी, खणखणीत वाजलं की डावीकडे, बद्द वाजलं की उजवीकडे. उजवीकडचा ढीगही लहान नव्हता. आईने बाजूला बसून तीन-चार वाजवून पाहिली आणि बरोबर ढिगांत ठेवली. बाई हसल्या, राखेतून एक पणती काढली, पदराने पुसली आणि पैसे घ्यायला काही केल्या तयार झाल्या नाहीत.

गाडी आली तेव्हा पणती अजून कोमट होती. आईने ती पिशवीत ठेवली नाही, काठमांडूपर्यंत दोन्ही हातांत धरून बसली.